कलर लेझर घरी परवडेल का?

वाचकांचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. मी घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेते आणि त्यांना दर आठवड्याला सरावपत्रिका देते. आमचा मुलगा सहावीत आणि मुलगी दहावीत आहे, त्यांचे शाळेचे प्रकल्प असतातच. सगळं मिळून महिन्याला अडीचशे काळी पानं आणि चाळीसेक रंगीत पानं होतात. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला काळ्या पानाचे २ रुपये आणि रंगीत पानाचे १० रुपये घेतो. म्हणजे ९०० रुपये जातात आणि दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन धावावं लागतं ते वेगळंच. मागच्या आठवड्यात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एक कलर लेझर प्रिंटर पाहून आलो, २९,५०० रुपयांचा. दुकानदार म्हणाला, घरचं पान दीड-दोन रुपयांत पडेल, तीन-चार वर्षांत पैसे वसूल होतील. काळा टोनर, म्हणजे छपाईच्या पावडरीचं कार्ट्रिज, ४,८०० रुपयांचा आहे (१,३५० पानं) आणि रंगीत तीन टोनर प्रत्येकी ५,४०० रुपयांचे (१,२५० पानं). नंतर रिफिलही करून मिळतात म्हणे. माझे दीर ‘इंक टँक (बाटलीने शाई भरायचा प्रिंटर) घ्या’ म्हणून मागे लागून राहिले आहेत, पण आमचा जुना इंकजेट एका उन्हाळ्यात वाळून गेला, तेव्हापासून शाईची भीतीच बसली आहे. मुलीला पुढे आर्किटेक्चर करायचं आहे, तेव्हा रंगीत लागेलच. आमचे मिस्टर म्हणतात, एकदाच काय ते चांगलं घेऊन टाकू. तुम्ही काय सांगाल?

— शिकवणीवाली ताई, नागपूर

उत्तर

ताई, टोनरच्या किमतीसोबत पानांचा आकडाही तुम्ही लिहिलात, हे फार बरं केलं. नुसत्या यंत्राच्या किमतीवरून काहीच सांगता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून मात्र अगदी ठाम सांगता येतं: तुमच्या घरच्या छपाईसाठी हा कलर लेझर घेऊ नका. यंत्र वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तुम्ही जी पानं छापता त्यांना ते महाग पडेल, आणि किती महाग पडेल ते कागद-पेन घेऊन दहा मिनिटांत कळतं. चला, आपण तो हिशेब मांडू.

आधी काळं पान घ्या. ४,८०० रुपयांना १,३५० पानं, म्हणजे एका पानाला ३ रुपये ५५ पैसे. तुमचा झेरॉक्सवाला कागदासकट २ रुपये घेतो. इथेच निम्मा निकाल लागला, कारण तुमची बहुतेक पानं काळीच आहेत.

आता रंगीत पान. कलर लेझरमध्ये निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार टोनर असतात आणि टोनरवर लिहिलेली पानं त्या एका रंगापुरती असतात. रंगीत पान छापताना साधारणपणे चारही रंग थोडे थोडे वापरले जातात. एका रंगीत टोनरचं पान ४ रुपये ३२ पैशांना पडतं. तीन रंगांचे १२ रुपये ९६ पैसे, त्यात काळ्याचे ३ रुपये ५५ पैसे मिळवा, म्हणजे झाले साडेसोळा रुपये. हे नुसत्या पावडरीचे. कागद वेगळा, वीज वेगळी, यंत्राची झीज वेगळी.

महिन्याचं गणित असं: २५० काळ्या पानांचे ८८९ रुपये आणि ४० रंगीत पानांचे ६६० रुपये. कागदाचा ५०० पानांचा रिम ३०० रुपयांचा धरला तर पानाला ६० पैसे, म्हणजे २९० पानांचे १७४ रुपये. एकूण १,७२३ रुपये. आज तुम्ही ९०० रुपये देता. यंत्र पाच वर्षं टिकेल असं धरून त्याची किंमत महिन्यांवर वाटली, तर आणखी ४९० रुपये वाढतात आणि घरची छपाई महिन्याला बावीसशेच्या घरात जाते. पैसे वसूल होतील असं दुकानदार म्हणाला, पण प्रत्येक पान बाहेरपेक्षा महाग पडत असताना वसुली कधीच होणार नाही. जितकं जास्त छापाल तितका तोटा वाढेल.

दुकानदार मुद्दाम फसवत होता असं मला वाटत नाही. ‘दीड-दोन रुपये’ हा आकडा बहुधा रिफिल केलेल्या काळ्या टोनरचा असावा, आणि तोच सगळ्या पानांना लागू होतो असं ऐकणाऱ्याला वाटतं. म्हणून कुठल्याही दुकानात ‘पान कितीला पडतं?’ असं विचारू नका. मूळ टोनर केवढ्याचा, त्यात किती पानं निघतात आणि ड्रम (पावडर कागदावर उतरवणारं नळकांडं) वेगळा घ्यावा लागतो का, हे विचारा. भागाकार आपण घरी करावा.

टोनरवरच्या ‘१,२५० पानां’चा अर्थही नीट समजून घ्या. रंगीत टोनरची पानं आयएसओ/आयईसी १९७९८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजतात. ठरावीक नमुन्याची पानं सलग छापत जातात आणि टोनर संपेपर्यंत किती निघाली ते बघतात. ढोबळ मानाने या मोजमापात प्रत्येक रंग पानाच्या ५ टक्के भागावर असतो. म्हणजे चार ओळींचं पत्र, छोटासा लोगो, कोपऱ्यात एखादा आलेख, असं पान. तुमच्या मुलाचा भूगोलाचा प्रकल्प असा नसतो.

समजा, महाराष्ट्राचा नकाशा छापला आणि त्यात अरबी समुद्र आणि आजूबाजूची जागा मिळून अर्धं पान गडद निळं भरलं. ५ टक्क्यांच्या जागी ५० टक्के, म्हणजे दहा पानांची निळी पावडर एकाच पानात गेली. तुमच्या दराने ते ४३ रुपये झाले, आणि जमिनीचे रंग अजून धरलेलेच नाहीत. फिकट निळा असता तर बारीक ठिपक्यांत छापला जाऊन कमी पावडर लागली असती. समुद्र पांढरा ठेवून फक्त किनारा निळ्या रेघेने काढला असता तर अगदीच थोडी. झेरॉक्सवाला मात्र या तिन्ही नकाशांचे १० रुपयेच घेतो. भरगच्च रंगाची पानं बाहेर छापणंच किफायतशीर, ते यामुळे. सरावपत्रिकेचं उलट असतं. गणिताच्या पानावर उत्तरासाठी मोकळी जागा असते, तिथे ५ टक्केही भरत नाहीत.

दुसरी गोष्ट अशी की, हे मोजमाप सलग छपाईचं आहे. घरी आपण तसं छापत नाही. सकाळी एक अर्ज, दुपारी दोन पत्रिका, रात्री मुलाला आठवण येते तेव्हा एक चित्र. दर वेळी यंत्र जागं होतं, फ्यूजर (पावडर वितळवून कागदावर चिकटवणारा भाग) तापवतं, ड्रम आणि रंग वाहून नेणारा पट्टा फिरवतं, मधूनमधून रंग जुळवून घेतं. या जुळवाजुळवीत थोडा टोनर जातो आणि एकही पान न छापता ड्रम झिजतो. एकेक पान छापणाऱ्या घरात ड्रमचं आयुष्य सलग छापणाऱ्या ऑफिसपेक्षा बरंच कमी भरतं. कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत हे लिहितात, पण ते वाचतं कोण?

ड्रमचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. काही यंत्रांत ड्रम टोनरच्या कार्ट्रिजमध्येच असतो. तिथे टोनर महाग, पण वेगळा खर्च नाही. काहींत ड्रम निराळा असतो, तो काही हजार पानांनी बदलावा लागतो आणि त्याची किंमत ऐकून घरचे दचकतात. शिवाय वाया गेलेली पावडर जमा होते तो डबा, रंग वाहून नेणारा पट्टा आणि फ्यूजर हेही कधी ना कधी संपणारे भाग आहेत. घरच्या वापरात पट्टा आणि फ्यूजर बहुतेक वेळा यंत्राइतकेच टिकतात. पण डबा आणि ड्रम हिशेबात धराच.

आणि नव्या खोक्यात येणारे टोनर. बऱ्याच यंत्रांसोबत ते पूर्ण भरलेले नसतात, सुरुवातीपुरते असतात. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत त्यांची पानं वेगळी लिहिलेली असतात, ती बघा. समजा काळा निम्माच भरलेला आला, तर तुमच्या २९० पानांच्या हिशेबाने तो अडीच महिन्यांच्या आतच संपेल. मग पहिला खर्च ४,८०० चा. आणि कधी चारही टोनर एकदम घ्यायची वेळ आली तर २१,००० रुपये, जवळजवळ पाऊण यंत्राची किंमत. घरात यंत्र येतं तेव्हा हा आकडा कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. मिस्टरांना तो दाखवा. ‘एकदाच चांगलं घेऊन टाकू’ हे म्हणणं कपाटाला, मिक्सरला लागू पडतं. लेझर प्रिंटर एकदाच घेतला जात नाही, तो टोनरच्या रूपाने पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

रिफिलबद्दल तुम्ही विचारलंत. काळ्या टोनरच्या रिफिलला माझी हरकत नाही. आपल्याकडच्या कारागिरांचा त्यात हात बसलेला आहे. एचपीचा १२ए टोनर किती ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत पुन्हा पुन्हा भरून वापरला गेला, त्याची गणती नाही. रंगीत टोनरचं तसं नाही. ही पावडर म्हणजे बारीक प्लास्टिक असतं. ते किती उष्णतेला वितळतं आणि विजेचा भार किती धरतं, हे त्या यंत्राशी जुळावं लागतं. नाही जुळलं तर पानावर धूसर छटा येते, बोट फिरवलं की रंग निघतो, कधी पावडर आत सांडून बाकीचे रंगही मळतात. शिवाय हल्लीच्या कार्ट्रिजना चिप असते. ती बदलली नाही तर भरलेला टोनरही यंत्र रिकामा दाखवतं, आणि सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आल्यावर काही यंत्रं बाहेरची चिप नाकारतात. म्हणून ‘रिफिल मिळतं’ या भरवशावर कलर लेझर घेऊ नये. मूळ टोनरच्या दराने परवडत असेल तरच घ्यावा. पुढे वॉरंटी संपल्यावर एखाद्या खात्रीच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा तयार टोनर वापरून पाहिला तर चालेल, पण तो बिलावर आणि बदलून देण्याच्या बोलीवर.

विजेची काळजी मात्र करू नका. छापताना लेझर भरपूर वीज ओढतो हे खरं, कारण फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापवायचा असतो. पण तो वेळ मिनिटांचा. तुमच्या पानांना महिन्याला एक-दोन युनिटच्या वर जाणार नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्या ठिकाणी. कॉम्प्युटरचा लहान यूपीएस असतो ना, त्यावर लेझर कधीही लावू नये. फ्यूजर तापताना तो एकदम जेवढी वीज मागतो तेवढी ६०० व्हीएचा यूपीएस देऊ शकत नाही. यूपीएस बंद पडतो, सोबत कॉम्प्युटरही. घरच्या लहान इन्व्हर्टरचंही तेच. लेझर थेट भिंतीतल्या प्लगलाच हवा. म्हणजे दिवे गेले की छपाई बंद. इंक टँकला तुलनेने अगदी थोडी वीज लागते.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण खरा निर्णय तिथे अडला आहे.

टोनर वाळत नाही. तो आधीच कोरडा असतो, महिनाभर यंत्र बंद राहिलं तरी पहिलं पान स्वच्छ येतं. आपल्या उन्हाळ्यात हा लेझरचा मोठा गुण आहे, तो मी नाकारणार नाही. शाईचं तसं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीत असतो, हवा कोरडी ठण्ण असते, आणि शाई सोडणारी छिद्रं केसाहून बारीक. तिथली शाई सुकली की रंगाच्या रेघा गायब होतात. तुमचा जुना इंकजेट असाच गेला. पण एक सांगा, तो तुम्ही बंद कसा करत होतात? यंत्रावरच्या बटणाने, की भिंतीवरच्या? शाईचा प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की त्याचं हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, कडेला जाऊन टोपीखाली बसतं आणि छिद्रं झाकली जातात. छपाई चालू असताना किंवा नुकती संपलेली असताना भिंतीवरचं बटण बंद केलं, तर हेड उघडंच राहण्याची शक्यता असते. आपल्या घरांत रात्री झोपताना सगळी बटणं खाली करायची चांगली सवय असते, आणि शाईच्या प्रिंटरला नेमकी तीच बाधते. आधी यंत्रावरचं बटण, ते पूर्ण शांत झालं की मग भिंतीवरचं. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमची शिकवणी चालू असते तेव्हा दर आठवड्याला पत्रिका निघतात, म्हणजे काळी शाई खेळती राहील. रंगीत राहावी म्हणून आठवड्यातून एक लहानसं चौरंगी चित्र छापा. प्रश्न राहतो तो उन्हाळी सुट्टीचा. घराला कुलूप लावून पंधरा-वीस दिवस गावी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी एक रंगीत पान काढा, बटणाने नीट बंद करा, यंत्र कापडाने झाका आणि गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत ठेवू नका. आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर यंत्रातली सफाई एकदा-दोनदा चालवा. त्यानेही नाही सुटली तर लगेच पुन्हा पुन्हा सफाई करत बसू नका, त्यात शाई फार जाते. बारा तास थांबा आणि मग बघा. बरेचदा तेवढ्यात छिद्रं मोकळी होतात.

खर्चात फरक किती पडतो ते पाहा. बाटल्यांवर कंपन्या जितकी पानं सांगतात त्यावरून काळं पान वीस पैशांच्या आत आणि रंगीत पान चाळीस पैशांच्या आत पडतं. आपण चढा दरच धरू. २५० काळ्यांचे ५० रुपये, ४० रंगीतचे १६ रुपये. शाईपेक्षा कागदच महाग झाला! कागदाचे १७४ धरून २४० रुपये. यंत्र समजा स्कॅनर आणि कॉपीसकट १४,००० रुपयांचं घेतलं, तर पाच वर्षांवर वाटून महिन्याला २३३ रुपये. सगळं मिळून पावणेपाचशे. आजच्या ९०० पुढे हे स्वस्त आहे, आणि सफाईत जाणारी शाई धरूनही दोनेक वर्षांत यंत्राचे पैसे भरून निघतात. ‘वसूल’ हा शब्द इथे खरा ठरतो.

इंक टँकच्या उणिवाही ऐकून ठेवा. छपाई सावकाश होते. स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई नसते, पानं हाताने उलटावी लागतात. रंगीत शाई पाण्याने ओघळते, त्यामुळे मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली सांडली तर प्रकल्प गेला. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून पाठवा. काही मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची असते, ती पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. तुमच्या पत्रिका पंधरा मुलांच्या हातांतून फिरणार, तेव्हा तसंच मॉडेल मागा. आणि सफाईत वाया जाणारी शाई जिथे साठते तो भाग घरच्या घरी बदलता येतो का, हे जरूर विचारा. ज्यात येत नाही ते यंत्र तो भरल्यावर दुकानात न्यावं लागतं.

एवढं सांगूनही शाईची भीती जात नसेल, तर मनावर दडपण घेऊन इंक टँक घेऊ नका. साधा काळा लेझर घ्या, दोन्ही बाजूंनी छापणारा, ज्याच्या टोनरचं रिफिल बर्डीवर सहज होतं असा. आणि रंगीत पानं बाहेरून आणा. तुमची खरी घाई पत्रिकांची असते, रात्री दहा वाजता पेपर काढून सकाळी सातला मुलांना द्यायचा असतो. रंगीत पान बहुतेक वेळा एक दिवस थांबू शकतं. हा मार्ग इंक टँकपेक्षा महाग, पण कलर लेझरपेक्षा खूपच स्वस्त आहे आणि त्यात वाळण्याची धास्ती नाही.

कुठलंही यंत्र घ्या, काही गोष्टी आजपासून करता येतील. यंत्र येईपर्यंत एका पत्रिकेच्या पंधरा प्रती हव्या असतील तर एकच प्रिंट काढा आणि बाकीच्या झेरॉक्स करा. पेनड्राइव्हवरून प्रिंट आणि कागदावरून झेरॉक्स यांचे दर अनेक दुकानांत वेगळे असतात, आणि प्रती जास्त असल्या की दर उतरतो. तुमच्या २ रुपयांत यातलं काय आहे ते एकदा विचारून पाहा. मुलाच्या प्रकल्पाची चित्रं एका पानावर एक अशी छापू नका. वहीत चिकटवायचंच असतं, तेव्हा सहा-आठ चित्रं एका पानावर बसवा आणि कापून घ्या. एवढं केलं तरी तुमची चाळीस रंगीत पानं पंधरावर येतील असा माझा अंदाज आहे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘ग्रेस्केल’ किंवा ‘फक्त काळा’ हा पर्याय कायमचा लावून ठेवा आणि रंग हवा असेल तेव्हाच बदला. नेटवरून उतरवलेल्या पत्रिकेच्या तळाशी एखादा निळा पत्ता असतो. आपलं लक्षही जात नाही आणि यंत्र ते पान रंगीत म्हणून छापतं.

कागदाचं एक नागपुरी सांगणं. उन्हाळ्यात घरात कूलर चालतो, आणि आपण त्याच्याच झोतात टेबल मांडतो. त्या ओल्या वाऱ्याने ट्रेमधला कागद दमट होतो, पानं वाकतात, दोन-दोन एकदम ओढली जातात आणि अडकतात. लोक यंत्राला दोष देतात. लेझरमध्ये हा त्रास जास्त, कारण दमट पान फ्यूजरमधून जाताना त्यातलं पाणी उडतं आणि ते पापडासारखं वळतं. रिम वेष्टनात बंद ठेवा, ट्रेमध्ये त्या दिवसापुरतीच पानं घाला आणि यंत्र कूलरच्या समोरून हलवा. पावसाळ्यातही हेच. बहुतेक घरगुती लेझरच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान १० ते ३२ अंशांच्या आसपास लिहिलेलं असतं, त्यामुळे भर दुपारी तापलेल्या खोलीत पानांचा गठ्ठा छापायला घेऊ नये. सकाळी छापा.

मग कलर लेझर घरी कुणी घ्यावा? ज्याला रंगीत पान क्वचित लागतं, पण लागेल तेव्हा तत्क्षणी आणि पाण्याने न बिघडणारं हवं असतं, आणि मधले दोन-दोन महिने यंत्राकडे बघायलाही वेळ नसतो, त्याने. घरूनच काम करणारे सीए, वकील, सल्लागार यांना तो शोभतो. साडेसोळा रुपयांचं पान त्यांच्या फीमध्ये निघून जातं. दुसरा, महिन्याला शेकड्यांनी रंगीत पानं काढणारा. पण त्याने सर्वात स्वस्त कलर लेझर घेऊ नये, ज्याला जास्त क्षमतेचे टोनर मिळतात असं वरचं मॉडेल घ्यावं. कलर लेझरमध्ये यंत्र जितकं स्वस्त, तितकं पान महाग, असं बरेचदा आढळतं. आणि ज्याला फोटो छापायचे असतील त्याने लेझरच्या वाटेला जाऊच नये. लेझरवर अक्षरं आणि आलेख देखणे येतात, चेहरे तितके जिवंत येत नाहीत. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो-कागद तर लेझरमध्ये चुकूनही घालू नका. त्याचा थर फ्यूजरवर वितळून चिकटतो आणि दुरुस्ती भारी पडते.

तुमचा जुना वाळलेला इंकजेट कचरागाडीत टाकू नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज दोन्ही येतात. नवं यंत्र घेताना त्याच दुकानदाराला किंवा कंपनीला जुनं परत घेता का विचारा, नाहीतर अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

राहता राहिली मुलगी. तिचं आर्किटेक्चर अजून निदान दोन वर्षं दूर आहे, आणि तेव्हा लागणारी छपाई घरच्या यंत्रावर होणारी नाही. आर्किटेक्चरच्या मुलांना ए२, ए१ अशा मोठ्या आकाराची शीट लागतात, ती दुकानातल्या प्लॉटरवर निघतात. तुम्ही बर्डीवर पाहिलेला लेझर बहुधा ए४ चाच असेल. व्हीएनआयटीला प्रवेश मिळाला किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात मिळाला, तरी हे बदलणार नाही. यंत्रावर वाचलेले पंधरा हजार रुपये तिच्या नावाने बाजूला ठेवा. पहिल्याच वर्षी ड्रॉइंग बोर्ड, पेनांचे संच आणि मॉडेलसाठीचे बोर्ड घ्यायला ते कामी येतील.